ऐकणाऱ्याचा कान : स्थलनामांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे इतिहासकार इयन क्लार्क यांच्या कामाचा परिचय करून दिला होता. तेथील मूळ रहिवाशांच्या टोळ्या, त्यांच्या भाषा आणि त्यांची स्थलनामे वसाहतकाळातील कागदांतून शोधून काढणे हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. त्या लेखावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही पंधरा वर्षे मेलबर्नमध्ये राहतो. अलीकडे कार्यक्रमांच्या निमंत्रणांवर आणि पार्सलच्या वेष्टनावरसुद्धा शहराचे नाव ‘नार्म’ असे दिसते. ही नावे येतात कुठून आणि ती ठरवते कोण? (एक वाचक, मेलबर्न)

‘नार्म’ हे मुळात शहराचे नाव नाही. मेलबर्न ज्याच्या काठी वसले आहे त्या पोर्ट फिलिप उपसागराचे ते नाव. उपसागराच्या जागी एके काळी कोरडे मैदान होते आणि तिथे कांगारूंची शिकार चालत असे, ही तेथील वृद्धांनी सांगितलेली आठवण एकोणिसाव्या शतकातील गोऱ्या वसाहतवाल्यांनीही टिपून ठेवली आहे. शहराला हे नाव लावण्याची रीत मात्र अलीकडची असून, टपाल खात्याने २०२१ मध्ये पार्सलच्या वेष्टनांवर पारंपरिक स्थलनामासाठी वेगळी ओळ छापायला सुरुवात केल्यापासून ते तुमच्या-आमच्या घरापर्यंत पोहोचले.

नाव अधिकृत करण्याची पद्धत व्हिक्टोरियात १९९८ च्या भौगोलिक स्थलनाम कायद्याने घालून दिलेली आहे. एखाद्या डोंगराला, ओढ्याला किंवा रस्त्याला मूळ रहिवाशांच्या भाषेतील नाव द्यायचे असेल, तर त्या भूभागाच्या परंपरागत धन्यांच्या संस्थेला विचारावे लागते. परंतु विचारण्यापूर्वी काहीतरी हाताशी असावे लागते, आणि व्हिक्टोरियात ते फार विखुरलेले होते. मेंढपाळांच्या लोंढ्याने येथील समाज १८३५ नंतरच्या अवघ्या दोन दशकांत इतका मोडून पडला की अनेक भाषा बोलणारे कोणी उरलेच नाही. जे उरले ते वसाहतवाल्यांच्या रोजनिशीत, मोजणीदारांच्या वहीत, मिशनऱ्यांच्या शब्दसूचीत आणि सरकारी पत्रव्यवहारात.

क्लार्क यांनी मोनॅश विद्यापीठातून मूळ रहिवाशांच्या ऐतिहासिक भूगोलावर पीएच.डी. केली. १९९० मध्ये त्यांचा पश्चिम आणि मध्य व्हिक्टोरियातील भाषा व टोळ्यांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, १९९५ मध्ये पश्चिम व्हिक्टोरियातील हत्याकांडांच्या जागांची नोंदवही, आणि २००२ मध्ये, टोबी हेडन यांच्यासह, राज्यातील मूळ स्थलनामांचा कोश. मधल्या काळात, १९९८ ते २००० या वर्षांत, मूळ रहिवाशांसाठी नेमलेले वसाहतकाळातील सरकारी अधिकारी जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन यांच्या पोर्ट फिलिप जिल्ह्यातील (व्हिक्टोरियाचे तेव्हाचे नाव) रोजनिशीचे सहा खंड त्यांनी संपादित करून काढले. नोकरीचा पत्ता मात्र इतिहास विभागाचा नव्हता. बॅलरॅट येथील विद्यापीठात, ज्याचे आता फेडरेशन युनिव्हर्सिटी असे नाव आहे, ते पर्यटन या विषयाचे प्राध्यापक होते. मला यात विसंगती वाटत नाही. डोंगराच्या पायथ्याशी कोणत्या नावाची पाटी लावायची, हा प्रश्न आधी पर्यटन खात्यासमोर येतो आणि इतिहासकाराकडे नंतर जातो. ते नोकरी करीत ते बॅलरॅट हे नावसुद्धा वाथवुरुंग भाषेतील, ‘विसाव्याची जागा’ अशा अर्थाचे मानले जाते, आणि त्या शहराच्या नगरपालिकेच्या नावात तर १९९४ पर्यंत एक जादा ‘ए’ होता.

प्रश्न : परक्याने ऐकून, परक्या लिपीत, चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेल्या नावावरून मूळ नाव खात्रीने कसे सांगता येते? हा अंदाजच नव्हे का? (इतिहासाची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

अंदाज असतोच, पण त्याला नियम आहेत. एकच उदाहरण जवळून पाहू.

व्हिक्टोरियाच्या पश्चिमेस वाळूखडकाच्या डोंगरांची एक भव्य रांग आहे. नकाशावर तिचे नाव ग्रॅम्पियन्स. पोर्ट फिलिप जिल्ह्यातील मूळ रहिवाशांचे ‘मुख्य संरक्षक’ म्हणून नेमलेले रॉबिन्सन १८४१ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत या भागात घोड्यावरून हिंडले. भेटलेल्या माणसांची नावे, त्यांच्या टोळ्या, त्यांच्या टेकड्या, पाणवठे असे जे जे कानावर आले ते त्यांनी वहीत उतरवले. हस्ताक्षर कुप्रसिद्ध म्हणावे असे. या रांगेच्या नावासाठी त्यांनी एका ठिकाणी ‘करेवर्ट’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘एरेवर्र’ असे काहीतरी.

आता आपला कान लावा. मराठीत ‘काळ’ म्हणायच्या ऐवजी ‘गाळ’ म्हटले तर अर्थ पार बदलतो, कारण क आणि ग हे आपल्याकडे अर्थभेद करणारे वर्ण आहेत. या भागातील जार्डवाजली आणि जाब वुरुंग या भाषांत, ऑस्ट्रेलियातील बहुतेक भाषांप्रमाणेच, क-ग, त-द, प-ब यांत असा अर्थभेद नाही. बोलणारा दोहोंच्या मधला उच्चार करतो आणि इंग्रज ऐकणारा त्याला त्या क्षणी जे वाटेल ते लिहितो. म्हणून ‘करेवर्ट’मधील आरंभीचा क हा ग असू शकतो आणि शेवटचा ट हा ड. असे वाचले की ‘गरिवर्ड’ समोर येते. ते भाषेत बसते का, हे नंतर पाहायचे. ‘गर’ म्हणजे टोकदार डोंगर आणि ‘वर्ड’ म्हणजे खांदा, असे घटक त्या भाषांच्या शब्दसंग्रहांत सापडतात. मग ‘एरेवर्र’चे काय? तिथे आरंभीचे व्यंजन लिहिणाऱ्याच्या कानातून निसटले, असे मानावे लागते. एकाच माणसाने एकाच दौऱ्यात दोन प्रकारे लिहिले, हा अडथळा वाटतो खरा, परंतु अभ्यासकाला तीच सोय असते. दोन चुका निरनिराळ्या दिशांनी झाल्या असतील तर त्यांच्या मधोमध काय होते, हे अधिक चांगले कळते.

इंग्रज कानाला न झेपणारे ध्वनी ठरलेले आहेत. शब्दाच्या आरंभी येणारा ‘ङ’ हा त्यांतला पहिला. आपल्या वर्णमालेत हे अक्षर आहे, पण आपणही त्याने शब्द सुरू करत नाही, त्यामुळे आपल्यालाही थोडी जीभ वळवावी लागेल. या डोंगरांतील एका चित्रगुहेचे पूर्वीचे इंग्रजी नाव ‘भुतांची गुहा’ असे होते. आता तिला ‘ङमाजिज’ म्हणतात. गोरे लोक पहिल्यांदा दिसले तेव्हा मेलेली माणसे परत आली अशा समजुतीने त्यांच्यासाठीही हाच शब्द वापरला गेला होता. दुसरी गोष्ट मूर्धन्य वर्णांची. न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट हे भेद ऑस्ट्रेलियातील अनेक भाषांत आहेत. इंग्रज लेखकांना ते ऐकू आले नाहीत, किंवा आले तरी रोमन लिपीत ठेवायला जागा नव्हती. ही नावे एखाद्या मराठी कारकुनाने मोडीत उतरवली असती तर पुढच्या अभ्यासकांचे बरेच श्रम वाचले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिसरे साधन प्रत्ययांचे आहे. नैऋत्य व्हिक्टोरियात टोळ्यांची नावे ‘गुंडिज’ या शब्दाने संपतात. अर्थ साधारणपणे ‘अमुक ठिकाणचे’ असा. तेव्हा टोळीचे नाव लिहिलेले सापडले की त्याच्या पोटात एका जागेचे नाव दडलेले असते. ‘वुरुंग’ म्हणजे ओठ, तोंड, म्हणून भाषा. भाषांची नावे तर फारच मौजेची आहेत, कारण त्यांतील कित्येक भाषांना त्यांच्या ‘नाही’ या शब्दावरून ओळखले जाते. ‘योर्टा योर्टा’ म्हणजे ‘नाही नाही’, आणि ‘वेम्बा वेम्बा’ म्हणजेही तेच. अमुक लोक ‘नाही’ला काय म्हणतात, यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ओळखायचे.

इतके असूनही फसगत होते. मेलबर्नमधून वाहणाऱ्या नदीचे ‘यारा’ हे नाव १८३५ मध्ये मोजणीदार जॉन हेल्डर वेज यांनी दिले. सोबतच्या स्थानिक तरुणांनी नदीकडे बोट करून ‘यारा यारा’ म्हटले, वेज यांना ते नदीचे नाव वाटले. पुढे वेरिबी नदीवरच्या एका लहान धबधब्याकडे पाहूनही त्यांनी तोच शब्द उच्चारला, तेव्हा तो शब्द पाणी कोसळण्याला लावलेला होता हे वेज यांच्या लक्षात आले आणि त्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले. नकाशा तोवर पुढे गेला होता. नदीचे नाव बिरारुंग. २०१७ मध्ये तिच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्याच्या शीर्षकातच वोईवुरुंग भाषेतील शब्द आहेत. गिलाँगची गोष्टही अशीच आहे. १८२४ मध्ये तिथे पोहोचलेल्या ह्यूम आणि हॉवेल या शोधप्रवाशांच्या नोंदीप्रमाणे उपसागर ‘जिलाँग’ आणि जमीन ‘कोरायो’ होती. आज शहराला गिलाँग म्हणतात आणि उपसागराला कोरिओ.

म्हणून क्लार्क यांच्यासारखा अभ्यासक प्रत्येक नोंदीला आधी विचारतो, की हे ऐकले कोणी, कोणाच्या तोंडून, आणि सांगणारा त्याच भागाचा होता का. पुण्याचे ‘पूना’ आणि शीवचे ‘सायन’ ज्यांच्या कानांनी केले, त्यांच्याच भाऊबंदांचे हे कान आहेत.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीचे काम केले आहे. आम्हाला गावच्या लोकांना विचारूनच नाव लिहावे लागे. तिकडच्या मोजणीदारांनी असे का केले नाही? (एक निवृत्त कर्मचारी, सातारा)

आश्चर्य म्हणजे, करावे असाच हुकूम होता. न्यू साउथ वेल्सचे सर्व्हेयर जनरल थॉमस मिचेल हे स्थानिक नावांचे पुरस्कर्ते होते. हाताखालच्या मोजणीदारांनी शक्य तिथे मूळ नाव लिहावे, अशी त्यांची सूचना होती, कारण पुढच्या प्रवाशाला तिथल्याच माणसाला विचारून ती जागा सापडू शकेल. परंतु १८३६ च्या मोहिमेत व्हिक्टोरियाच्या पश्चिमेस आल्यावर याच मिचेल यांनी डोंगरांना स्कॉटलंडमधील ग्रॅम्पियन्सचे नाव दिले. त्यातील सर्वांत उंच शिखर, ज्याला ‘दुविल’ म्हणत, ते राजा चौथ्या विल्यमच्या नावाने माउंट विल्यम झाले. जुलैच्या कडाक्याच्या थंडीत त्यांनी त्या शिखरावर एक रात्रही काढली. पुढे भेटलेल्या खडकाला स्पेनमधील सालामांकाच्या लढाईच्या आठवणीने, तिथल्या टेकड्यांवरून, माउंट अरापिलेस म्हटले, कारण मिचेल त्या युद्धात होते आणि लढाईचा स्मरणदिन त्याच सुमारास होता.

कारण माझ्या मते सरळ आहे. विचारायला कोणी जवळ येत नव्हते. मोहिमेबरोबर पायपर नावाचा वाटाड्या आणि तुरंदुरे नावाची दुभाषी स्त्री होती, परंतु दोघेही दूरच्या प्रदेशातील. इकडच्या भाषा त्यांना परक्या. शिवाय त्याच वर्षी मे महिन्यात मरे नदीकाठी मिचेल यांच्या माणसांनी गोळीबार करून किमान सात जणांना मारले होते. त्या टेकडीलाही त्यांनी नाव दिले, ‘माउंट डिस्पर्शन’, म्हणजे पांगापांगीचा डोंगर. अशा मोजणीदाराला गावकऱ्यांनी नाव सांगावे तरी का?

लेखणीच्या चुकीचे एक उदाहरण तुम्हाला विशेष आवडेल. याच मिचेल यांनी एका मृत ज्वालामुखीला युद्धातील सहकारी विल्यम ईल्स यांचे नाव दिले. नकाशा उतरवणाऱ्याकडून स्पेलिंग चुकले आणि १८४५ पासून तो डोंगर ‘माउंट एकल्स’ झाला. या नावामागे कोणीच माणूस नव्हता, तरी ते पावणेदोनशे वर्षे टिकले. २०१७ मध्ये तिथे गुंडिजमारा लोकांचे ‘बज बिम’ हे नाव परत आले आणि २०१९ मध्ये त्या परिसराचा, त्यांनी लाव्हाच्या खडकांत बांधलेल्या हजारो वर्षे जुन्या वाम मासे धरण्याच्या चरांसह, जागतिक वारशात समावेश झाला.

आपल्याकडच्या एव्हरेस्टचाही उल्लेख करतो. ज्यांच्या नावाने ते शिखर ओळखले जाते त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनीच या नावाला हरकत घेतली होती. हे नाव हिंदीत लिहिता येणार नाही आणि स्थानिकांना उच्चारता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मिचेल आणि एव्हरेस्ट हे एकाच साम्राज्याचे समकालीन मोजणीदार. दोघांचे तत्त्व स्थानिक नावाच्या बाजूचे, आणि दोघांच्याही बाबतीत नकाशाने तत्त्व पाळले नाही.

प्रश्न : हे सगळे आपल्याकडच्या नामांतरासारखेच आहे ना? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

वाद घालण्याची रीत सारखी आहे, विषय नाही. आपल्याकडे प्रश्न बहुधा दोन नोंदलेल्या, दोन्ही बाजूंना पाठ असलेल्या नावांतील निवडीचा असतो. तिथे जुने नाव नोंदलेच गेले नव्हते किंवा कोणाच्या तरी अवाचनीय वहीत पडून होते. त्यामुळे आधी ते शोधायचे आणि मग त्याच्यासाठी भांडायचे, असे दुहेरी काम होते.

ग्रॅम्पियन्सचेच पाहा. १९८९ मध्ये राज्याचे पर्यटनमंत्री स्टीव्ह क्रॅब यांनी तेथील मूळ नावे परत आणण्याची घोषणा केली. त्यासाठीचा अभ्यास क्लार्क आणि लायनेल हॅराडाइन यांनी केला आणि गुहाचित्रांच्या जागा व डोंगर यांची जार्डवाजली आणि जाब वुरुंग नावे सुचवली. मोठा विरोध झाला. उच्चार करता येत नाहीत, पर्यटक गोंधळतील, आमच्या आजोबांनी हेच नाव वापरले, अशी कारणे होती; ती आपल्यालाही ऐकून माहीत आहेत. १९९१ मध्ये उद्यानाच्या नावात कंसात ‘गरिवर्ड’ आले आणि १९९२ च्या निवडणुकीत सत्तापालट होताच निघूनही गेले. पुढे १९९८ च्या कायद्याने जोडनावाची वाट पुन्हा मोकळी केली. चित्रगुहांची नावे मात्र तगली. ‘हातांची गुहा’ आज ‘मांजा’ आहे आणि ‘माशांची गुहा’ ‘लार्ङिबुंजा’. माझा तर्क असा, की गुहांच्या इंग्रजी नावांवर कोणाचाच जीव जडलेला नव्हता.

जोडनाव ही तिकडची खास युक्ती. उलुरू या प्रसिद्ध महाशिळेला १८७३ मध्ये ‘एअर्स रॉक’ म्हटले गेले. १९९३ मध्ये ती ‘एअर्स रॉक / उलुरू’ झाली आणि २००२ मध्ये क्रम फिरवून ‘उलुरू / एअर्स रॉक’. नाव तेच, केवळ तिरप्या रेघेच्या दोन बाजू बदलल्या. नऊ वर्षांत बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘उलुरू’ आधीच रुळले होते, सरकारने त्यावर शिक्का मारला. ही सावकाशी मला शहाणपणाची वाटते. तिच्यात टाळाटाळही असते, हे मी नाकारत नाही.

आणि मूळ नावही प्रत्येक वेळी एकच असते, असे समजू नये. गरिवर्डसाठीच ‘तोलोतमुतगो’ आणि ‘मुरैबगम’ अशी आणखी नावे नोंदलेली आहेत. डोंगराच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन टोळ्यांनी त्याला दोन नावे दिली असतील तर पाटीवर कोणते लिहायचे, याचे उत्तर इतिहासकाराने देऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : स्थलनामांचा अभ्यास करणाऱ्याने हत्याकांडांची नोंदवही कशासाठी केली? हे दोन वेगळे विषय वाटतात. (एक शिक्षक, नाशिक)

एकाच रोजनिशीच्या एकाच पानावर दोन्ही सापडतात, म्हणून. १८४१ च्या मे महिन्यात रॉबिन्सन पोर्टलँड बंदरात होते. तिथे त्यांना ‘कन्व्हिन्सिंग ग्राउंड’ नावाच्या किनाऱ्याविषयी कळले. नावाचा अर्थ ‘पटवून देण्याची जागा’. किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशावरून शिकारी गोरे आणि किलकारेर गुंडिज टोळी यांच्यात तंटा झाला आणि गोऱ्यांनी बंदुकीने पटवून दिले. ही गोष्ट १८३३ किंवा १८३४ ची. वर्ष, मृतांची संख्या, किंबहुना नावाचा उगम यावरही पुढे टीकाकारांनी वाद घातला. तरीही ती जागा २००६ मध्ये राज्याच्या वारसा यादीत गेली.

कॅम्परडाउनजवळच्या एका घळीचे नाव ‘मर्डरिंग गली’. तिथे १८३९ मध्ये फ्रेडरिक टेलर या मेंढवाड्याच्या व्यवस्थापकाने जार्गुर्ड वुरुंग लोकांच्या तळावर माणसे घेऊन हल्ला केला. वाचलेल्यांच्या जबान्या संरक्षक अधिकाऱ्यांनी घेतल्या. खटल्याच्या भीतीने टेलर तेथून भारताकडे पळाला आणि काही काळाने परतला. तेथून वाहणाऱ्या प्रवाहाला आधी त्याचेच नाव होते. बोभाटा झाल्यावर ते पुसून ‘माउंट एमू क्रीक’ करण्यात आले. घळीच्या नावाने गुन्हा लक्षात ठेवला, ओढ्याच्या नावाने गुन्हेगार झाकला, आणि दोन्ही बदल गोऱ्या लोकांनीच केले.

रॉबिन्सन स्वतः कोण होते, हेही विसरता येत नाही. टास्मानियातील उरल्यासुरल्या मूळ रहिवाशांना समजावून फ्लिंडर्स बेटावर नेणारे ते हेच; तिथे त्यांतील बहुतेक जण मेले. पोर्ट फिलिपचे संरक्षक खाते १८४९ च्या अखेरीस गुंडाळले गेले आणि त्याने फारसे कोणाचे संरक्षण केले नाही. पण दुसऱ्या कोणीही इतक्या माणसांना त्यांचे नाव आणि गाव विचारले नाही. क्लार्क यांनी सहा खंडांची मेहनत घेतली ती या वहीसाठी. पुढे लिंडल रायन यांच्या नेतृत्वाखाली न्यूकॅसल विद्यापीठाने २०१७ पासून संपूर्ण ऑस्ट्रेलियाचा हत्याकांडांचा नकाशा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यात एका प्रसंगी सहा किंवा अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली असतील तरच नोंद होते. पाच मारले गेले असतील तर नकाशावर ठिपका नाही.

प्रश्न : न्यायालयात अशा संशोधनाला पुरावा म्हणून किंमत असते का? (एक वकील, नागपूर)

असते, आणि ती कधी कधी घातक ठरते. १९९२ च्या माबो निकालानंतर मूळ रहिवाशांचा जमिनीवरील हक्क मान्य झाला आणि १९९३ मध्ये त्यासाठी कायदा आला. योर्टा योर्टा लोकांचा दावा १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी फेटाळला. एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातील मेंढवाडामालकाच्या लिखाणाला त्यांनी हयात वृद्धांच्या तोंडी साक्षीपेक्षा अधिक विश्वसनीय मानले. त्या जमिनीवर मेंढ्या चारणाऱ्याचे स्मरण ग्राह्य आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांचे स्मरण दुय्यम, असा त्याचा अर्थ झाला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायपीठानेही निकाल कायम ठेवला. आपण वकील आहात, तेव्हा तोंडी पुराव्यापेक्षा दस्तऐवज वरचढ का, हे मला सांगू शकाल. मला ते पटवून देणे अवघड जाईल.

प्रश्न : आपण त्यांना ‘आदिवासी’ का म्हणत नाही? (एक वाचक, पालघर)

‘आदिवासी’ या शब्दाला आपल्याकडे स्वतःचा इतिहास, चळवळ आणि अनुसूची आहे. तो तिथे नेला की वाचकाच्या डोळ्यांपुढे वारली पाडा उभा राहतो. म्हणून ‘मूळ रहिवासी’. आग्नेय ऑस्ट्रेलियातील लोक स्वतःला ‘कूरी’ म्हणतात, आणि त्याहून बरे म्हणजे नेमके नाव घ्यावे : जाब वुरुंग, गुंडिजमारा.

प्रश्न : आपल्या लेखात लुईस हर्कस या संस्कृतच्या अध्यापिकेचा ओझरता उल्लेख होता. संस्कृतचा आणि या कामाचा संबंध काय? (संस्कृतच्या एक अध्यापिका, पुणे)

त्यांच्यावर स्वतंत्र लेखच हवा. १९२६ मध्ये म्युनिकमध्ये जन्म, नाझी राजवटीतून निसटून कुटुंबासह इंग्लंड, ऑक्सफर्डमध्ये शिक्षण, १९५४ मध्ये ऑस्ट्रेलिया. त्या प्राकृताच्या अभ्यासक. कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संस्कृत शिकवत. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या ध्वनिमुद्रक घेऊन व्हिक्टोरियात फिरू लागल्या, तेव्हा या भाषा संपल्या असे तज्ज्ञ म्हणत होते. त्यांना ठिकठिकाणी दहा शब्द आठवणारी, एखादे गाणे आठवणारी वृद्ध माणसे भेटत गेली. १९६९ मध्ये त्यांनी व्हिक्टोरियातील भाषांचे जे सर्वेक्षण प्रसिद्ध केले त्याला त्यांनीच ‘उशिराचे’ म्हटले. नंतर सिम्प्सन वाळवंटाच्या कडेने त्यांनी त्या प्रदेशात जन्मलेल्या माणसांबरोबर हिंडून पाणवठ्यांची नावे जागेवर गोळा केली. क्लार्क यांच्याबरोबर त्यांनी मूळ रहिवासी व अल्पसंख्याकांच्या स्थलनामांवरचा एक लेखसंग्रह २०१४ मध्ये संपादित केला. २०१८ मध्ये त्या वारल्या. घरी त्या आई मेलेली वॉम्बॅटची पिल्ले वाढवीत.

संबंध कानाचा आहे, असे मला वाटते. अपभ्रष्ट हस्तलिखितांवरून प्राकृत रूप ठरवण्याची ज्याला सवय आहे, त्याला एका शब्दाच्या चार उच्चारांतून एक रूप ओळखणे नवे नसते. त्यात एक अडचण मात्र प्राकृतात नाही. ऑस्ट्रेलियातील अनेक समाजांत मृताचे नाव उच्चारत नाहीत आणि त्या नावासारखा शब्दही काही काळ बाजूला ठेवतात, त्यामुळे सांगणारा गप्प राहिला तर तो विसरला आहे की पाळतो आहे, हे संशोधकाला ओळखावे लागते.

प्रश्न : मला असेच काम मेळघाटात करायचे आहे. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थी, अमरावती)

आधी कोरकू शिका, निदान भाव करता येण्याइतकी. ती मुंडा कुळातील भाषा आहे. मराठीच्या आधाराने तिची नावे फोडायला गेलात तर प्रत्येक गावाला एक खोटी व्युत्पत्ती मिळेल. वि. का. राजवाडे यांच्यासारखा व्यासंगीही स्थलनामांच्या व्युत्पत्तीत कधी कधी फार लांब उडी मारतो. मग सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे घ्या आणि त्यांतले नाव, महसूल खात्याच्या गावनकाशातले नाव आणि गावात बोलले जाणारे नाव अशी तीन रकान्यांची वही करा. ज्या ठिकाणी तिन्ही जुळत नाहीत तिथे थांबा.

आणि सातबारा विसरू नका. त्याच्या वरच्या भागात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो, ज्याकडे कर्ज काढणारा पाहत नाही आणि तलाठीही फार पाहत नाही. पुष्कळ ठिकाणी तो कोरा असतो. जिथे भरलेला असेल तो उतारा घेऊन त्या शेताच्या बांधावर जा, घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला ते नाव वाचून दाखवा आणि ती ते कसे दुरुस्त करते हे लिहून घ्या. तिचे नाव, तारीख आणि तिचे माहेर कोणत्या गावचे, हेही त्याच ओळीत लिहा.